रविवारचे पेट्रोल

एकोणीसशे छप्पन सालच्या उन्हाळ्यात, कॅन्ससमधल्या क्लिअर क्रीक या गावी, आर्विड एकहोमच्या पंपावर पेट्रोल भरलेल्या लूथरन पंथाच्या लोकांच्या मोटारी गावाबाहेरच्या धान्यकोठारापाशी बंद पडत. बॅप्टिस्ट लोकांच्या पडत नसत. पेट्रोल एकाच टाकीतले होते.

आर्विड स्वतः लूथरन होता. युद्धाआधीपासून तो हा पंप चालवीत होता. मोटार आली की आधी पुढची काच पुसायची, मग इंजिनातले तेल पाहायचे, मग चारही चाकांची हवा, आणि सरतेशेवटी पेट्रोल, हा त्याचा क्रम होता. गिऱ्हाईक कितीही घाईत असले तरी त्यात बदल होत नसे. बोलणे बेताचे. जे मोजता येते त्यावर विश्वास ठेवायचा आणि उरलेल्याबद्दल मत राखून ठेवायचे, असा त्याचा स्वभाव होता. त्याच्या चर्चच्या पाळकांनी हा दोष त्याच्या ध्यानात अनेकदा आणून दिला होता.

पहिली मोटार बंद पडली ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या मिसेस एंगस्ट्रॉम यांची. रविवारचे जेवण आटोपून त्या बहिणीकडे निघाल्या होत्या. कोठाराच्या सावलीत त्यांची स्टुडबेकर दोनदा शिंकली आणि थांबली. त्या खाली उतरून टोपी सावरतात न सावरतात तोच मागून शाळेचे मुख्याध्यापक आले आणि तेही थांबले. त्यांच्या मागून आणखी दोघे. सगळे त्याच जागी थांबत, यात चमत्कार काही नव्हता: पंपापासून कोठारापर्यंतचे अंतर कापायला नळीत आणि कार्ब्युरेटरमध्ये उरलेले जुने पेट्रोल पुरत असे, आणि नवे पेट्रोल पोचले की इंजिन मान टाकत असे. पण गावाला ती जागा नेमून दिल्यासारखी वाटली. महिनाभरात लूथरन मंडळी रविवारी फिरायला निघताना लिंबाचे सरबत आणि घडीच्या खुर्च्या सोबत घेऊ लागली.

आर्विडने मिसेस एंगस्ट्रॉमच्या मोटारीची काचेची गाळणवाटी सोडवून उजेडात धरली. वर नारिंगी पेट्रोल होते आणि खाली, वाटीच्या तळाशी, स्वच्छ पाणी.

हे त्या वर्षी अशक्य होते. पाऊस पडून इतके दिवस झाले होते की लहान पोरे ढग दिसला तर आईला हाक मारीत. गावाच्या नावातला ओढा आता फक्त नावातच उरला होता. मक्याची पाने विडीसारखी गुंडाळली गेली होती. शेतकरी विहिरींवर विहिरी खणत होते आणि धूळ काढत होते. साऱ्या परगण्यात आपोआप पाणी लागत होते ते फक्त आर्विडच्या पेट्रोलच्या टाकीत.

गावाने आपापली स्पष्टीकरणे तयार केली. लूथरन म्हणाले की हे काम हर्मन केसलरचे. केसलरचा पंप रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला होता आणि तो आर्विडला वर्षानुवर्षे पाण्यात पाहत आला होता. बॅप्टिस्ट काहीच म्हणाले नाहीत. नुसते नम्रपणे हसले, आणि ते अधिक वाईट होते. कॅथलिक मंडळी झाडून सगळी केसलरकडे पेट्रोल घेत, त्यामुळे त्यांच्याविषयी ईश्वराचे काय मत आहे याचा पुरावा उपलब्ध नव्हता. डालग्रेन कुटुंबाने नवी ब्यूइक मोटार घेतली होती. ते मुकाट्याने बॅप्टिस्ट चर्चमध्ये जाऊ लागले. त्यांच्यापाठोपाठ आणखी एक कुटुंब गेले.

केसलरने आपल्या पंपावर पाटी लावली: ‘आमच्याकडे पेट्रोल कोरडे मिळते.’

आर्विड ती पाटी वाचायला मुद्दाम गेला. केसलर दारातच उभा होता.

“रागावू नकोस आर्विड,” तो म्हणाला, “पण तुझ्याकडे पाणी लागतंय हे ऐकून शेतकरी मला विचारतायत, त्याच्याकडे बादली नेली तर चालेल का.”

“तू टाकतोस का माझ्या टाकीत पाणी?” आर्विडने विचारले. त्याला खरोखरच माहिती हवी होती.

“अरे, माझ्या बायकोनं अंघोळीवर रेशन लावलंय. पाणी असतं तर तुझ्या टाकीत कशाला घातलं असतं?”

हे उत्तर आर्विडला पटले. त्याने केसलरचे नाव डोक्यातून काढून टाकले आणि घरी आला.

पुढच्या आठवड्यात पेट्रोल कंपनीचे मिस्टर व्हिटेकर आले. पंप, टाकी आणि रस्त्यावरून दिसणारा तो उंच गोल फलक, सगळे कंपनीच्या मालकीचे होते. आर्विड भाडेकरू होता. व्हिटेकर यांचे बूट पांढरे होते आणि धुळीच्या गावात ते तसेच ठेवण्याची विद्या त्यांना अवगत होती. त्यांनी आडून आडून सुचवले की काही पंपवाले माल वाढवण्यासाठी पाणी घालतात.

“पाणी पेट्रोलमध्ये मिसळत नाही, साहेब,” आर्विड म्हणाला. “तळाशी बसतं, आणि पंप तळाकडून ओढतो. म्हणजे ते पहिल्या गिऱ्हाइकालाच निव्वळ पाणी म्हणून जाणार. रविवारी माझी पहिली गिऱ्हाइकं माझ्याच चर्चची आहेत. फसवायचंच असतं तर मी दुसऱ्या कुणाला फसवलं असतं.”

“म्हणजे दुसऱ्यांना फसवायला तुमची हरकत नाही?”

आर्विडने थोडा विचार केला आणि सांगितले की वाक्याची रचना चुकली. व्हिटेकर हसले नाहीत. उन्हाळा संपेपर्यंत कारण सापडले नाही तर फलक उतरवला जाईल आणि पंप दुसऱ्याला दिला जाईल, असे सांगून ते गेले.

आर्विडच्या बायकोचे नाव हुल्डा. तिचा भाऊ विचिटामध्ये विमानांच्या कारखान्यात होता आणि आर्विडला तिथे चिकटवून द्यायला तयार होता. तिथे छताखाली, सरकत्या पट्ट्यासमोर बसून, दिवसभर एकाच जातीचा खिळा ठोकायचा असे. हुल्डाने ही गोष्ट जेवताना एकदाच काढली. आर्विडने हातातला काटा खाली ठेवला आणि खिडकीतून त्या गोल फलकाकडे इतका वेळ पाहिले की बटाटे थंड झाले. तिने पुन्हा काढली नाही.

अशा स्थितीत एका रविवारी कोठारापाशी, लूथरनांच्या घडीच्या खुर्च्यांपुढेच, व्हर्जिल स्टॅम्परची गाडी बंद पडली.

व्हर्जिल नळकाम करीत असे, आणि बॅप्टिस्ट चर्चचा डीकन, म्हणजे पाळकाच्या खालोखालचा मानकरी होता. लूथरनांनी उठून त्याला खुर्ची दिली, सरबत दिले, आणि ज्या ममतेने त्याची विचारपूस केली ती त्याला सहन झाली नाही. कार्ब्युरेटरमध्ये कचरा आला असेल, तो म्हणाला. पेट्रोल तर मी कालच, शनिवारीच घेतलं. हे सांगणे त्याला भाग होते. प्रभुवारी, म्हणजे रविवारी, विकत काही घ्यायचे नाही असा बॅप्टिस्टांचा दंडक होता. ते सगळे शनिवारी संध्याकाळीच टाक्या भरून ठेवीत. गेल्या साली पोस्टमास्तरने रविवारी आइस्क्रीम घेतले म्हणून त्याला जाहीरपणे समज देणारा डीकन हाच होता.

आर्विडला मात्र सत्य ठाऊक होते, कारण ते त्याने स्वतःच्या हाताने भरले होते. त्याच दुपारी, पहिली गिऱ्हाइके निघून जाताच, व्हर्जिलने गाडी पंपाच्या मागच्या अंगाला आणली होती, दुसऱ्या गावी आजारी असलेल्या आईला भेटायला जायचे म्हणून थोडेसे पेट्रोल मागितले होते, आणि आर्विड शिरस्त्याप्रमाणे काच पुसत असताना तो सीटखाली काहीतरी हरवल्यासारखा वाकून बसला होता.

“मग सांग की लोकांना,” हुल्डा म्हणाली. “म्हणजे कळेल तरी, देव पंथ बघून मोटारी अडवत नाही.”

“गिऱ्हाइकानं पेट्रोल कधी घेतलं हे सांगणं माझं काम नाही.”

“आणि विचिटाला जाणं तुझं काम आहे?”

 आर्विडला मात्र हवी ती गोष्ट मिळाली होती. पंथाचा संबंध नव्हता, वाराचा होता. लूथरन रविवारी पेट्रोल घेत आणि बॅप्टिस्ट शनिवारी, एवढाच दोहोंत फरक होता. आता प्रश्न लहान झाला: रविवारी टाकीत पाणी येते कुठून?

त्याच्याकडे एक लेप होता. मापाच्या काठीच्या टोकाला तो लावून काठी टाकीत सोडली की जिथवर पाणी असेल तिथवर लेप लाल होई. दर सोमवारी तो हातपंपाने टाकीचा तळ कोरडा करीत असेच. आता त्याने शनिवारी रात्रीच्या जेवणाआधी काठी टाकली: लाल नाही. रविवारी चर्चला निघताना टाकली: नाही. दुपारी चर्चहून परतल्यावर टाकली, आणि काठी चांगली वीतभर लाल होऊन वर आली. म्हणजे पाणी येत होते ते सारा गाव देवाच्या दारी बसलेला असताना. एखाददुसरा रविवार मध्येच कोरडा जाई. त्याचा अर्थ त्याला लागत नव्हता.

चोर पकडायचा तर पहारा हवा. पुढच्या रविवारी आर्विड चर्चला गेला नाही. हे त्याने हुल्डाला सांगितले तेव्हा तिने विचारले की पाळकांना काय सांगू. खरं ते सांग, तो म्हणाला. तिने पाळकांना सांगितले की आर्विडच्या पोटात पाणी झाले आहे.

टाकीत पेट्रोल ओतण्याचे तोंड पंपाच्या आवारात जमिनीलगत होते, वर लोखंडी झाकण. आर्विडने त्या झाकणावर खुर्ची मांडली आणि तो तिच्यावर बसला. रस्ता रिकामा होता. केसलरचे कुत्रे आले, त्याला हुंगून गेले. लूथरन चर्चमधून ऑर्गन ऐकू आला. मिसेस एंगस्ट्रॉम बहुधा त्याच्या रिकाम्या जागेकडे पाहत वाजवीत असाव्यात, कारण दोनदा चुकल्या. मग रस्त्यापलीकडच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये शेवटचे गीत सुरू झाले. आवारात चिटपाखरू नव्हते. कुणी आले नाही, कुणी काही ओतले नाही.

आणि आर्विडच्या खुर्चीखाली, जमिनीच्या पोटात, कुणीतरी चूळ भरल्यासारखा आवाज झाला.

तो उठला. खुर्ची बाजूला केली, झाकण काढले, लेप लावून काठी सोडली. टोक लाल होते. थोड्या वेळाने पुन्हा सोडली. लाली चढली होती. तो ज्या पाण्यावर पहारा करीत होता ते त्याच्या बुडाखालून आत गेले होते.

तेवढ्यात बॅप्टिस्ट बाहेर पडू लागले. पायऱ्यांवर पाळक सगळ्यांशी हस्तांदोलन करीत उभे होते. डालग्रेन कुटुंब उतरले: नवरा, बायको, दोन वयात आलेल्या मुली. आर्विड हातात काठी घेऊन त्यांच्याकडे पाहतच राहिला. त्या वर्षी, त्या गावात, त्या चौघांचे केस ओले होते.

त्याने लगेच कुणालाही काही विचारले नाही. आधी तो गावाबाहेर ओढ्यापर्यंत चालत गेला, पात्रात उतरून वर-खाली फिरला, आणि बुटांवर धूळ घेऊन परतला. मग त्याने बॅप्टिस्ट पाळकांचे दार वाजवले. रेव्हरंड पर्व्हिस हे धिप्पाड, मोकळ्या मनाचे गृहस्थ होते. त्यांनी त्याला ॲपल पाय खायला दिला आणि लूथरन माणूस रविवारी आपल्या दारात का आला असावा याची आशा चेहऱ्यावर दिसू दिली.

“रेव्हरंड, तुमचं ते पाणी नंतर जातं कुठे?”

“कोणतं पाणी?”

“ज्यात तुम्ही माणसं बुडवता ते.”

“आम्ही बुडवत नाही, आर्विड. बाप्तिस्मा देतो.”

“तेच. ते जातं कुठे?”

“ओढ्यात. व्हर्जिलनं नळ जोडलाय. मंडळी शेवटचं गीत म्हणत असतात तेव्हा तो बूच काढतो, नाहीतर लाकडी फरशी कुजते.”

“ओढ्यातून मी आत्ताच येतोय. तिथे धूळ आहे.”

पर्व्हिस यांनी त्याच्या बुटांकडे पाहिले, आणि मग सगळी हकीकत सांगितली. आजवर बाप्तिस्मे ओढ्यातच होत. ओढा आटला, म्हणून वसंतात चर्चमध्ये, व्यासपीठामागे, हौद बांधला. दुष्काळात माणसे देवाकडे वळतात, त्यामुळे बहुतेक रविवारी कुणी ना कुणी असतेच. कुणी नसेल त्या रविवारी हौद भरत नाहीत. इतके पाणी वाया घालवायचे म्हणून त्यांचाही जीव तुटत होता. ते चर्चशेजारच्या मिसेस पिकेट यांच्या टोमॅटोंना सोडावे असे त्यांनी सुचवलेही होते.

“मग?”

“त्या म्हणाल्या, एवढ्या लोकांची पापं माझ्या टोमॅटोंवर नकोत. मी समजावलं, बाई, पाप पाण्यात उतरत नाही, ती केवळ खूण असते. त्या म्हणाल्या, ते मला ठाऊक आहे, टोमॅटोंना ठाऊक नाही.”

आर्विडने आपला तर्क मांडला आणि तो सिद्ध करण्याची रीत सांगितली: हौदाच्या पाण्यात रंग टाकायचा. हौद निळा झाला आणि टाकीतही निळे आले, तर पाणी एकच. नाही आले, तर तो माफी मागेल.  या प्रकरणातून पर्व्हिस यांच्या चर्चला दोन कुटुंबे मिळाली होती, आणि आणखी तिघे चौकशी करीत होते.

“हे खरं निघालं तर डालग्रेन परत जातील,” ते म्हणाले.

“बहुतेक.”

“जाऊ देत. कार्ब्युरेटरसाठी आलेला माणूस स्वर्गात नेऊन मी तिथे काय सांगू?”

रंग कोणता, हा प्रश्न हुल्डाने सोडवला. कपड्यांची नीळ. बाप्तिस्म्याच्या वेळी घालायच्या पांढऱ्या झग्यांचे काय, या पर्व्हिस यांच्या शंकेवर तिने इतक्या करुणेने पाहिले की ते ओशाळले. विरोध केला तो एकट्या व्हर्जिलने. आपला नळ ओढ्यालाच जातो, तो शपथेवर सांगायला तयार होता. आणि पवित्र कार्यात धुण्याची नीळ म्हणजे विटंबना होती. पर्व्हिस यांनी त्याला शांतपणे आठवण करून दिली की योहानाने बाप्तिस्मे दिले तेव्हा यार्देन नदीही काही गाळून घेतलेली नव्हती.

उन्हाळ्याच्या शेवटच्या रविवारी व्हिटेकर आले ते फलक उतरवण्यासाठी शिडी आणि दोन माणसे घेऊनच. आर्विडने त्यांना दुपारपर्यंत थांबण्याची विनंती केली. पलीकडे त्या दिवशी तिघांचा बाप्तिस्मा होता. झगे पाण्यातून इतके शुभ्र होऊन निघाले की मंडळीतून हलका उसासा उठला, आणि मिसेस पिकेट यांनी गीत चालू असतानाच शेजारणीला विचारले की साबण कोणता.

दोन्ही चर्चे सुटली आणि सारा गाव पंपाच्या आवारात जमला. केसलरही आला, एवढी गर्दी त्याच्या पंपावर कधी झाली नव्हती आणि तो ती मोजत होता. आर्विडने तळापर्यंत जाणारे पितळी नळकांडे साखळीने टाकीत सोडले, वर ओढले आणि लोणच्याच्या काचेच्या बरणीत उपडे केले. बरणी त्याने पंपावर ठेवली आणि तो मागे सरला.

मिश्रण क्षणभर ढवळले, मग वेगळे झाले. वर नारिंगी. खाली निळे, धुतलेल्या आकाशासारखे.

केसलर पुढे वाकला.

“बॅप्टिस्ट पाणी आणि लूथरन पेट्रोल,” तो म्हणाला. “एका बरणीत कोंडलं तरी मिसळत नाही.”

व्हिटेकर यांनी बरणी उचलून उन्हात धरली. पाण्याचा उगम त्यांना मान्य होता. पण ते हुशार होते, आणि कंपनीने त्यांना हुशारीचाच पगार दिला होता. “हे बाप्तिस्म्याचं पाणी असेल तर ते फक्त रविवारी येतं,” ते म्हणाले. “पण इथल्या डीकनची गाडीही बंद पडली होती, आणि त्यांनी पेट्रोल शनिवारी घेतलं होतं, असं मला कॅफेत कळलं. मग शनिवारी पाणी कुठून आलं? म्हणजे तुमच्या टाकीत पाणी शिरायला आणखी एक वाट आहे, मिस्टर एकहोम. आणि ती तुम्हाला ठाऊक नाही.”

सगळ्यांनी आर्विडकडे पाहिले. हुल्डानेही पाहिले, आणि तिच्या पाहण्यात विचिटाचा सगळा कारखाना होता. आर्विडने खिशातून फडके काढले आणि तो पंपाची काच पुसू लागला. ती स्वच्छच होती. शिडीवाल्या दोघांनी शिडी उचलली.

“थांबा,” व्हर्जिल स्टॅम्पर म्हणाला.

त्याने टोपी काढून छातीशी धरली. त्याची बायको ओपल शेजारीच उभी होती.

“मी पेट्रोल रविवारीच घेतलं होतं,” तो म्हणाला. “मागच्या बाजूनं. यानं भरलं. त्याला ठाऊक होतं, आणि तो आत्तासुद्धा बोलला नाही.” मग थांबून, जणू एवीतेवी भिजलोच आहोत तर पोहून घ्यावे, तसा तो पुढे म्हणाला, “आणि तो नळ ओढ्यापर्यंत नेलेलाच नाही मी. चर्चच्या अंगणात एक जुना खापरी नळ सापडला होता. उतार ओढ्याकडे दिसला. त्यालाच जोडला. खणायचे कष्ट वाचले.”

“व्हर्जिल,” ओपल म्हणाली, “बाकीचं घरी बोलू.”

पोस्टमास्तर गर्दीतून बाहेर पडला, रस्ता ओलांडून कॅफेत गेला आणि आइस्क्रीम घेऊन परत आला. त्याने ते सर्वांच्या देखत, सावकाश खाल्ले.

व्हिटेकर यांनी शिडी गाडीत ठेवायला सांगितली. निघण्यापूर्वी त्यांनी आपल्या मोटारीत पेट्रोल भरून मागितले. आर्विड म्हणाला की ते उद्या, तळ कोरडा केल्यावर मिळेल. आज हवे असेल तर केसलरकडे जा. केसलरने आपली पाटी त्याच संध्याकाळी काढली, कारण, तो म्हणाला, आता तिच्यात काही मजा राहिली नव्हती. डालग्रेन कुटुंब लूथरन चर्चमध्ये परत गेले. थोरली मुलगी तेवढी बॅप्टिस्टच राहिली. ती कारणांची चौकशी करण्यासारखी गोष्ट होती, पण ते कारण बॅप्टिस्टांच्या गायनवृंदात उभे असे आणि गावाला दिसत होते.

सोमवारी आर्विड आणि व्हर्जिल यांनी मिळून टाकीभोवती खणले, आणि सगळे उघड्यावर आले ते असे.

दुष्काळाने ओढा आटला, म्हणून चर्चमध्ये हौद बांधावा लागला. मिसेस पिकेट यांना टोमॅटोंची काळजी होती, म्हणून हौदाचे पाणी जमिनीखालून सोडावे लागले. व्हर्जिलने ते ज्या खापरी नळाला जोडले तो ओढ्याला जात नव्हता; पंपाच्या जागी पूर्वी घोड्यांचा तबेला होता आणि तो नळ त्या तबेल्याच्या पाणवठ्यापर्यंत नेलेला होता. पेट्रोलची टाकी पुरताना खणणाऱ्यांनी तो तोडला आणि त्याचे तोंड टाकीभोवतीच्या खडीत तसेच उघडे ठेवले. भोवतालची माती चिकण असल्यामुळे तो खड्डा हौदासारखा भरे आणि आठवडाभरात हळूहळू आटे. भरला की पाणी टाकीच्या डोक्यावर चढे. तिथे पेट्रोल ओतण्याच्या नळाचा सांधा गंजून सैल झाला होता. त्यातून पाणी आत जाई, आणि पेट्रोलची पातळी त्या सांध्याच्या खाली असल्याने पेट्रोल बाहेर येत नसे. पाणी पेट्रोलहून जड असते, म्हणून ते तळाशी जमे. पंपाची नळी तळाजवळूनच ओढते, म्हणून जमलेले पाणी सर्वांत आधी येणाऱ्या गिऱ्हाइकांना जाई. रविवारी दुपारी सर्वांत आधी येणारी गिऱ्हाइके लूथरन असत.